रक्षकांच्याच हाती कुऱ्हाड?

प्रश्न : जंगल राखण्यासाठी नेमलेले वनतज्ज्ञच झाडांवर तोडीच्या खुणा करतात, हे विसंगत नाही का?

उत्तर : वरवर पाहता तसे वाटते खरे. परंतु एकाच वयाची झाडे दाटीने वाढली, की प्रकाश आणि पाण्यासाठी त्यांच्यात स्पर्धा लागते, खोडे बारीक राहतात आणि दुष्काळात किंवा किडीच्या प्रादुर्भावात सारा पट्टाच दुबळा ठरतो. म्हणून विरळणी करून, म्हणजे दाटीतली काही झाडे निवडून तोडून, उरलेल्या झाडांना वाव दिला जातो. खोडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजून वाढीचा हिशेब मांडला जातो. वाढीच्या मर्यादेतच तोड असावी, हा विचार सॅक्सनीतील (आजच्या जर्मनीतला एक प्रदेश) खाण-प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्येच मांडला होता (तोही लाकूडटंचाईमुळे!). मात्र मिश्र वयाच्या जुन्या नैसर्गिक जंगलात सरसकट विरळणी मला अयोग्य वाटते. तिथे वाळलेली, पोकळ खोडेही पक्ष्यांच्या घरट्यांसाठी राखावी लागतात.