कोळशावरचं वीजकेंद्र बंद झालं तर कामगारांना भरपाई दिली की पुरे नाही का?

माझ्या मते नाही. पैसे संपतात, कामाचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं १६०० मेगावॉटचं हेझलवूड केंद्र पाहा. बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि मार्च २०१७ अखेर ते थांबलं. हातात जेमतेम पाच महिने! एवढी कमी मुदत कुणालाच देऊ नये. पण तिथे एक गोष्ट फार चांगली झाली. त्याच भागातल्या दुसऱ्या केंद्रांतल्या वयस्कर कामगारांना स्वेच्छेने लवकर निवृत्त होऊ दिलं आणि त्या जागांवर हेझलवूडची काही माणसं घेतली. म्हणजे त्यांना घर, गाव, मुलांची शाळा काहीच सोडावं लागलं नाही. राज्य सरकारने लॅट्रोब व्हॅलीसाठी, म्हणजे हेझलवूड ज्या भागात होतं त्या भागासाठी, वेगळं प्राधिकरणही नेमलं.

आपल्याकडे मला खरी काळजी वाटते ती कंत्राटी कामगारांची. कायम कर्मचाऱ्याची निदान बदली होऊ शकते. राख उचलणारा, कोळसा हाताळणारा, गेटसमोर चहा विकणारा मात्र कुठल्याच यादीत नसतो. चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे इथले जुने संच बंद करायचे तर त्याआधी दोन-तीन वर्षं घरोघर जाऊन या माणसांची नोंद व्हायलाच हवी.