चालू खातं पक्कं झाल्याशिवाय साइट उघडू नका (शिरपूरच्या दादांना उत्तर)

शिरपूरच्या दादा, मसाला ऑनलाइन विकायला साइट काढताय, त्याबद्दलचे तुमचे तीन प्रश्न वाचले. ऑनलाइन दुकानासाठी वूकॉमर्स घ्यावं की शॉपिफाय, गेटवेचे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी कंपनी) दोन टक्के जास्त होतात का, आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का. उत्तरं देते, पण मला धडकी भरली ती तुमच्या शेवटच्या ओळीने. "चालू खातं उघडायला टाकलंय, दोन-चार दिवसांत होईल, तोवर साइट सुरू करून टाकतो." तीन वर्षांपूर्वी मी घरात हेच बोलले होते.

आमचं जळगावात वाळवणाचं काम. बिबड्या (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, कुरडया, सोबत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ. एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना), शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. (एकच सांगते, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. माझ्या जावेने कुठल्याशा साइटवर त्यासाठी दीड हजार घातले.)

तर झालं असं. गेटवेवाल्यांनी अर्ज घेतला आणि ग्राहकांकडून पैसे घ्यायला लगेच परवानगी दिली. ते पैसे आपल्या बँकेत मात्र खात्याची पडताळणी झाल्यावर टाकणार होते. मी म्हटलं, त्यात काय, होईल. अखाजी (अक्षय्य तृतीया) तीन आठवड्यांवर आलेली. पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकी, सुरतला उधना-लिंबायतकडे राहणारी आपली माणसं, सगळ्यांच्या ऑर्डरी धडाधड आल्या. स्क्रीनवर आकडा रोज वाढत होता. मी खूश.

मग त्यांनी खात्यात एक रुपया टाकून नाव तपासलं. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर फर्मच्या नावात शेवटी इंग्रजी 'एस' होता, आणि बँकेने खातं उघडताना तोच खाल्ला होता. फॉर्मवर मी बरोबर लिहिलं होतं, टायपताना त्यांच्याकडून सुटला. पण चेकबुक हातात आल्यावर मी ते उघडून वाचलं नाही, ही माझी चूक. ग्राहकांना बिलं लिहिण्यात दंग होते.

त्या शाखेचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी "साहेब ट्रेनिंगला गेलेत". दुसऱ्यांदा गेले तर "सर्व्हर डाऊन आहे". नंतर "आम्ही वर पाठवलंय". दोन आठवड्यांनी कळलं की वर काही गेलंच नव्हतं, अर्ज टेबलाच्या खणात होता. नवीन साहेब म्हणाले, सगळी कागदपत्रं पुन्हा द्या. एका अक्षरासाठी! गेटवेवाले ईमेलवर रोज तेच उत्तर द्यायचे, बँकेकडून दुरुस्ती आणा. तोवर ९२ हजार रुपये अडकलेले. इकडे दाणाबाजारातल्या उडदाच्या डाळीची उधारी, पापड लाटणाऱ्या बायकांची रोजची मजुरी, कुरिअरवाल्याला रोख. शेवटी बचत गटातून शेकडा दोनने ४० हजार उचलले. सासूबाई अमळनेरच्या, मोबाइल बघून म्हणायच्या, "पैसा दिखस, पन भेटस नही."

३४ व्या दिवशी वैतागून दुसऱ्या बँकेत गेले, नवीन चालू खातं उघडलं. पाच दिवसांत झालं. गेटवेवर खातं बदललं आणि सगळी रक्कम एकदम आली. म्हणजे जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते मी पाचव्या आठवड्यात केलं.

आणि त्याहून मोठी चूक वेगळीच. महिनाभर मी सगळं तोंडीच बोलले. एकही लेखी तक्रार नाही, एकाही कागदावर पोच नाही. बँकेला लेखी तक्रार दिली आणि ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पण माझ्या हातात तारखेचा एक शिक्का नव्हता, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? तुम्ही पहिल्याच दिवशी अर्जाच्या दोन प्रती न्या. "पोच देत नाही" म्हणाले तर शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

आता तुमचे प्रश्न. मी सीए नाही, कॉम्प्युटरवालीही नाही, हे माझ्यापुरतं आहे.

शॉपिफाय सोपं आहे, पण महिन्याचं भाडं आहे, आणि त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नसल्यामुळे दुसरा गेटवे जोडावा लागतो. त्यावर ते बेसिक प्लॅनला वरून आणखी २ टक्के घेतात. हे लोक पकडतच नाहीत. वूकॉमर्स फुकट म्हणतात, पण होस्टिंग, अपडेट आणि एखादं प्लगिन (वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) रुसलं की धावाधाव आपली. माझं चेकआउट (पैसे भरायचं पान) एकदा अपडेटनंतर दोन दिवस बंद होतं आणि मला पत्ता नाही. तरी मी वूकॉमर्सवरच आहे. डोमेन मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या, साइट बनवणाऱ्या पोराच्या नावाने नको. आणि खरं विचाराल तर रोजच्या पाच-सात ऑर्डरींना साइट लागतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय पुरे. फक्त ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच पार्सल बांधा.

दोन टक्क्यांचं गणित असं. ५०० च्या ऑर्डरवर १० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तरी फार तर ११ रुपये ८० पैसे. एवढ्याने कोणी बुडत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर (दुकानदाराकडून कापायचं शुल्क) शून्य आहे, तरी काही गेटवे 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून कापतात, ते आधी लेखी विचारा. गेटवेवाले साइटवर परतावा, डिलिव्हरी, प्रायव्हसी, अटी आणि संपर्क अशी पानं बघतात. खाण्याचा माल परत घेत नसाल तर तसं स्पष्ट लिहा.

बुडवतं ते कुरिअर. पार्सलचं काट्यावरचं वजन आणि मापावरचं वजन, यातलं जे जास्त ते धरतात. मापाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चा खोका म्हणजे ६ किलो, आत कुरडया भले दोनच किलो असोत. तुमचा मसाला जड आणि आटोपशीर, त्यात तुम्ही सुखी. पापडाला मात्र अंगाबरोबर खोका घ्या.

कॅश ऑन डिलिव्हरी सरसकट नको. माणूस दार उघडत नाही, पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या माथी, वर पापडांचा चुरा. मी १०० रुपये आधी घेते, उरलेले दारात. तेवढं दिलेला माणूस सहसा फिरत नाही.

जीएसटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मध्य प्रदेशातलं सेंधवा तुमच्याकडून जवळ असलं तरी राज्य दुसरं आहे. उलाढाल कितीही कमी असो, करपात्र माल स्वतःच्या साइटवरून परराज्यात विकला की नोंदणी लागते. पापडाला कर नाही, मसाल्याला आहे. सुरतला माल जाणारच, तेव्हा सीएला आधी विचारा, आणि नोंदणीत फर्मचं जे स्पेलिंग असेल तेच बँकेत, तेच गेटवेत, एकेक अक्षर बोट ठेवून.

चेकबुक आलं की पहिलं पान वाचा आणि मगच साइट चालू करा. तोवर ऑर्डरी फोनवर घ्या. तुमचा मसाला कांडपावर कुटलेला असेल तर पहिली ऑर्डर माझी धरा, एक किलो. पैसे क्यूआरवर पाठवते.