राजीनाम्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून विधानसभा लढवायची म्हणतेस. लढ. नोकरीत राहून उभं राहता येत नाही, तेव्हा राजीनामा द्यावाच लागेल. शिक्षक मतदारसंघाच्या नादी मात्र लागू नकोस. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या, पण तिथं प्राथमिकच्या शिक्षकांना मतच नाही. तुझ्या शाळेतल्या एकाही सहकाऱ्याचं मत तुला पडणार नाही.

कर्पुरी ठाकूर तुला नीट माहीत असायला हवेत. बिहारमधलं पितौंझिया गाव, नाभिकाचं घर. 1942 च्या चळवळीत कॉलेज सोडलं, 26 महिने तुरुंगात काढले, स्वातंत्र्यानंतर गावच्याच शाळेत शिकवलं आणि 1952 मध्ये आमदार झाले. पुढे दोनदा मुख्यमंत्री, 2024 मध्ये मरणोत्तर भारतरत्न. मला त्यांचं 1967 चं काम सगळ्यांत मोठं वाटतं. शिक्षण खातं हाती येताच मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती त्यांनी काढली. खेड्यातली पोरं, त्यातही मुली, बाकी विषयांत तरून त्या एका पेपरात अडकायच्या आणि शिक्षण तिथंच संपायचं. निर्णयानंतर इंग्रजीविना पास झालेल्यांना ‘कर्पुरी डिव्हिजन’ म्हणून हिणवलं गेलं. इंग्रजी कच्चं राहिल्यानं मुलं पुढे मागे पडतील, हा आक्षेप मीही उडवून लावत नाही. पण जिथं इंग्रजीचा मास्तरच धड मिळत नाही, तिथल्या पोराला नापास कोण करतं? पोराचा अभ्यास की सरकारचा नियम? खेड्यात शिकवलेल्या माणसानं मंत्रालयात जाऊन हेच विचारायचं असतं.

म्हणून आधी शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे कोण दाखल झालं आणि कोण शाळा सोडून गेलं याची वही, काढून बस. मधेच गळालेल्या किंवा मोजणीतून सुटलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे कारण लिही. कुणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं, कुणाचं लग्न लावलं, कुणाचं आधार जुळलं नाही म्हणून पोर वर्गात असूनही संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्या हिशेबात, धरलं गेलं नाही. मग प्रत्येक कारणापुढे लिही, हे बदलायचा अधिकार कुणाचा: ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की राज्याचा? शासन निर्णय असेल तर मुळातून वाच, कुणी सांगितलेला सारांश नको.

यादी झाली की मला दाखव. बहुतेक कारणं जिल्हा परिषदेच्या हातातली निघाली, तर विधानसभा पुढच्या खेपेला. आधी जिल्हा परिषदेला उभी राहा. प्रचाराला मी येतो.

तुझा,
काका