नवीन कामगारांचे रुजू होतानाचे फॉर्म सतत चुकतात. ते मोबाइलवर टप्प्याटप्प्याने कसे भरून घ्यावेत?

तुमच्या कारखान्यात दर महिन्याला नवीन माणसं रुजू होतात. प्रत्येकाला पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), नॉमिनी, बँक आणि कराचं घोषणापत्र असा गठ्ठा भरावा लागतो आणि त्यातले बरेच फॉर्म चुकून परत येतात. मोबाइलवर एकेक प्रश्न विचारून हे सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. सुटेल, पण कागदी फॉर्मचे तुकडे करून तेच पडद्यावर चढवलेत तर चुका तशाच राहतील.

चुका होतात कारण फॉर्म माणसाला त्याच्या हातातली माहिती विचारत नाही, नियम विचारतो. पीएफचा फॉर्म 11, म्हणजे रुजू होताना द्यायचं घोषणापत्र, घ्या. ‘1952 च्या योजनेचे सभासद होता का, 1995 च्या पेन्शन योजनेचे सभासद होता का’ असा त्यातला प्रश्न आहे. वेल्डरला हे कसं माहीत असणार? तो ‘नाही’वर खूण करतो, मग त्याचा दुसरा यूएएन (पीएफचा कायमस्वरूपी क्रमांक) निघतो आणि पुढे दोन खाती एकत्र करण्याची खटपट सुरू होते. त्याऐवजी विचारा: ‘आधीच्या नोकरीत पगारातून पीएफ कापला जायचा का? जुनी पगाराची स्लिप बघा.’ पर्याय तीन द्या: हो, नाही, माहीत नाही. तिसरा पर्याय अत्यंत महत्त्वाचा आहे. तो नसला की माणूस अंदाज ठोकतो आणि तुमच्याकडे ती पक्की माहिती म्हणून येते.

नियम लावणं हे तुमचं काम. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफचा सभासद होणाऱ्या माणसाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपयांच्या वर असेल, तर त्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही. कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफ खात्यातच जायला हवा. इथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षं दिसत नाही आणि पैसे काढताना दावा अडकतो. ईएसआयची मर्यादा महिना 21,000 आहे, दिव्यांग कामगारांसाठी 25,000. पगार तुम्हाला आधीच ठाऊक असतो, तो कामगाराला विचारूच नका. गूगल फॉर्ममध्ये आधीच भरलेली लिंक बनवता येते. त्यात ‘ईएसआय लागू’ किंवा ‘लागू नाही’ हा पर्याय एचआरने निवडून पाठवावा. मर्यादेचे आकडे प्रश्नांच्या मजकुरात कोंबू नका, कारण ते बदलतात. ईएसआयची मर्यादा 2017 मध्ये 15,000 वरून 21,000 झाली होती.

साधन उघडण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक रकान्यापुढे लिहा: हे उत्तर कोण वापरतं, कशासाठी, आणि उत्तर मिळालं नाही तर काय अडतं. फॉर्मतज्ज्ञ कॅरोलाइन जॅरेट याला ‘क्वेश्चन प्रोटोकॉल’ म्हणतात. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो रकाना काढा. वडिलांचं नाव चार फॉर्मांत असेल तर एकदाच विचारा आणि चारही ठिकाणी तुम्ही उतरवा.

मग फाटे, म्हणजे उत्तर बघून पुढचे प्रश्न दाखवणं किंवा गाळणं. ईएसआय लागू असेल तरच दवाखाना आणि कुटुंबीयांचे प्रश्न. नवी करप्रणाली निवडली तर घरभाडं आणि 80सीचा सगळा भाग गाळा. जुनी निवडली आणि वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तरच घरमालकाचा पॅन मागा. गूगल फॉर्ममध्ये हे फाटे फक्त एकपर्यायी आणि ड्रॉपडाउन प्रश्नांवर चालतात. हमखास फसणारी जागा म्हणजे प्रत्येक फाट्याच्या विभागाचा शेवट. तिथे ‘पुढे कुठल्या विभागात जायचं’ हे ठरवलं नाही तर माणूस सरळ शेजारच्या फाट्यात घुसतो आणि नको ते प्रश्न त्याच्यापुढे येतात.

तपासण्या मात्र मन लावून बसवा. आधार आणि यूएएन दोन्ही 12 अंकी, म्हणून अदलाबदल फार होते. आधार 0 किंवा 1 ने सुरू होत नाही, तेव्हा त्या रकान्यात 1 ने सुरू होणारा आकडा आला की अडवा आणि ‘हा यूएएन तर नाही ना? आधार कार्ड बघून भरा’ असा संदेश दाखवा. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी ‘पी’ असतं. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, 11 अक्षरांचा, पाचवं स्थान शून्य. लोक तिथे हमखास ‘ओ’ टाकतात. खातं क्रमांक दोनदा लिहून घ्या. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे आले तर तपासणी नाकारते आणि माणसाला कळत नाही काय चुकलं, म्हणून संदेशात ‘आकडे इंग्रजीत लिहा’ हेही घाला.

उत्तरांची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडू नका. एक्सेल 15 अंकांपुढचे आकडे शून्य करतं, म्हणजे 16 अंकी खात्याचा शेवटचा अंक जातो. सुरुवातीची शून्यंही उडतात. ते रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा. आणि आधार-पॅनची ही शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी कधीच शेअर करू नका.

नॉमिनीच्या आधी ‘लग्न झालंय का’ विचारा. पीएफमध्ये कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही, आणि लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द धरलं जातं. वाटा टक्क्यांत घ्या, बेरीज 100 झाल्याशिवाय पुढे सोडू नका. गूगल फॉर्मला ही बेरीज जमत नाही, तेव्हा ‘एकच नॉमिनी की अनेक’ विचारून अनेक असतील तर एचआरने समोर बसवून भरून घ्यावं.

पहिल्या पडद्यावर लागणारी कागदपत्रं सांगा: आधार, पॅन, पासबुक, जुनी पगाराची स्लिप, नॉमिनीची जन्मतारीख. फाइल अपलोड ठेवलात तर गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं, आणि पासवर्ड न आठवणारे तिथेच थांबतात. फोटो एचआरनेच काढलेले बरे. शेवटी सगळी उत्तरं एकत्र दाखवा आणि फॉर्म 11 छापून सही घ्या.

चाचणी कार्यालयातल्या संगणकावर करू नका. साध्या फोनवर, प्रत्यक्ष कामगारांकडून करून घ्या: पहिलीच नोकरी असलेला, आधी पीएफ काढून घेतलेला, लग्नानंतर नाव बदललेली, पॅन नसलेला. ते भरत असताना काही सुचवू नका. जिथे ते तुमच्याकडे बघतात, तो प्रश्न बदला. पहिला महिनाभर प्रत्येक परत आलेला फॉर्म कोणत्या रकान्यामुळे आला याची नोंद ठेवा आणि दर आठवड्याला सर्वांत जास्त चुकणारा रकाना आधी दुरुस्त करा.