घरच्या आरओ यंत्रातून फळांचा रस गाळला तर त्यातली साखर कमी होईल का?

नाही होणार, आणि यंत्र मात्र तुंबेल. पण तुमची कल्पना वेडगळ नाही. मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, गाळून रसातली साखर खरोखर कमी करता येते. फूड टेक्नॉलॉजी शिकत असताना माझ्या प्रकल्पाचा विषय हाच होता, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी तुमचं आरओ. मेम्ब्रेनच्या एका बाजूला साखरेचं द्रावण आणि दुसऱ्या बाजूला साधं पाणी असलं की पाणी आपणहून साखरेकडे जातं. हा ओढा थोपवायला जेवढा दाब द्यावा लागतो तो परासरण दाब. लिटरमागे 100 ग्रॅम ग्लुकोज असेल तर तो 14 बारच्या जवळपास भरतो. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात एकूण साखर साधारण एवढीच असते. (संत्र्यात बरीचशी साखर सुक्रोजच्या रूपात असते, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू कमी, म्हणून तिथे दाब थोडा कमी भरतो.) घरगुती यंत्राचा पंप देतो पाच-सहा बार. एवढ्यावर रसातून पाणी निघणार तर नाहीच, उलट पलीकडे राहिलेलं पाणी रसात खेचलं जाईल. समजा तगडा पंप लावलात, तरी आरओच्या मेम्ब्रेनमधून पाण्याशिवाय फारसं काही जात नाही. ग्लासात येईल ते पाणी, आणि रस मागे राहील, आधीपेक्षा जास्त गोड होऊन.

या कामाला नॅनोफिल्ट्रेशन लागतं. त्याची छिद्रं आरओपेक्षा जरा सैल असतात आणि ती साधारण 200 ते 1000 डाल्टन रेणुभाराच्या पट्ट्यात निवड करतात. सुक्रोज 342, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज 180. घट्ट विणीचं मेम्ब्रेन घेतलं तर साखर बरीचशी अडते, पाणी आणि क्षार पुढे जातात. ऐकायला छान वाटतं. पण क जीवनसत्त्वाचा रेणुभार आहे 176, सायट्रिक आम्लाचा 192, मॅलिक आम्लाचा 134. मेम्ब्रेनला गोड काय आणि आंबट काय ते कळत नाही. त्याला कळतो आकार, आणि थोडाफार विद्युतभार. 176 आणि 180 यांच्यात फरक करायला त्याला सांगणं म्हणजे चाळणीला गहू आणि गव्हाएवढा खडा वेगळा करायला सांगण्यासारखं आहे. भाराची मदत व्हावी, तर रसाच्या आंबटपणात क जीवनसत्त्व बहुतांशी भाररहितच असतं. म्हणून अडलेल्या साखरेबरोबर थोडं जीवनसत्त्वही गमावलं जातंच. ते किती वाचवायचं हे मेम्ब्रेनची निवड, दाब आणि तापमान यांवर ठरतं, आणि या विषयावरचं खरं संशोधन याच घासाघाशीत चालतं.

यात आणखी एक युक्ती आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळा रस नॅनोफिल्टरमधून घालवायचा नसतो. आधी अल्ट्राफिल्ट्रेशनने (याची छिद्रं नॅनोपेक्षा मोठी) गर आणि पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट पदार्थ, बाजूला काढतात, नितळ रसाचा एक हिस्साच पुढे पाठवतात आणि शेवटी सगळं परत एकत्र करतात. आकड्यांत बघा. 10 लिटर रस, त्यात 1 किलो साखर. पैकी 4.6 लिटर नितळ रस नॅनोफिल्टरला दिला. त्यातून 2.3 लिटर जवळपास बिनसाखरेचं आंबटसर पाणी पलीकडे आलं आणि 2.3 लिटर दुप्पट गोड पाक मागे उरला. पाक बाजूला ठेवला, पाणी मूळ रसात परत ओतलं. आता हातात 7.7 लिटर रस आणि त्यात 540 ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला 70 ग्रॅम. साखर 30 टक्क्यांनी उतरली. पण रसही जवळपास चौथा हिस्सा गेला, आणि त्या पाकाचं काय करायचं हा व्यवहाराचा प्रश्न उभा राहतोच. शिवाय पाक आणखी घट्ट करू म्हटलं तर परासरण दाब पुन्हा आडवा येतो. लिटरला 200 ग्रॅमच्या पुढे गेलं की पंपाचा दाब 30 बारच्या आसपास हवा.

द्राक्षांसारख्या रंगीत रसाची गोष्ट वेगळी. रंग देणारी अँथोसायनिन 450 डाल्टनच्या आसपास किंवा त्याहून जड असतात. तिथे सैल मेम्ब्रेन घेऊन साखरेलाच पलीकडे जाऊ देतात, रंग मागे ठेवतात आणि वरून पाणी घालत राहतात. पण तेव्हा आम्लंही धुऊन जातात.

चवीचं म्हणाल तर साखर काढली की रस आंबट लागतो. 10 टक्के साखर आणि 0.8 टक्के आम्ल म्हणजे गुणोत्तर साडेबारा. साखर 7 टक्क्यांवर आली आणि आम्ल तेवढंच राहिलं तर ते नऊच्याही खाली येतं, आणि जिभेला ते लगेच कळतं. सुगंधाचे रेणूही लहान, उडून जाणारे. काही तेलकट सुगंध तर मेम्ब्रेनलाच चिकटून बसतात.

तुंबण्याबद्दल स्वानुभव सांगतो. पहिल्या बॅचला मी आळस केला. रसाला पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज एन्झाइम न लावता आणि नीट न गाळता तो तसाच पुढे सोडला. अर्ध्या तासात धार थेंबांवर आली. पेक्टिनचा जेलीसारखा थर बसला होता. उरलेला दिवस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने यंत्र धुण्यात गेला आणि रस ओतून द्यावा लागला. रस मेम्ब्रेनवर काटकोनात ढकलण्याऐवजी त्याच्या कडेने वेगात वाहता ठेवतात तो याचसाठी, पण इतकी घाण असल्यावर तोही उपाय पुरत नाही.

ही पद्धत प्रयोगशाळेतच अडकलेली नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये रसाचे नियम सुधारले तेव्हा 'साखर कमी केलेला फळांचा रस' हा वेगळा प्रकार आणला. त्यात नैसर्गिक साखर किमान 30 टक्क्यांनी कमी हवी, आणि ती घटवण्याच्या पद्धती म्हणून मेम्ब्रेन फिल्ट्रेशन व यीस्टने आंबवणं ही नावं दिली आहेत.

वडिलांना मधुमेह आहे म्हणून विचारताय, असं तुम्ही लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला 'मुक्त साखर'च धरते, फळातली असली तरी. 30 टक्के काढली तरी बाकीची 70 टक्के आहेच, तेव्हा किती घ्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांना अख्खं फळ दिलंत तर चोथा तरी पोटात जाईल. रसच हवा असेल तर सात भाग रसात तीन भाग पाणी घाला. साखर तेवढीच उतरते आणि आम्लही त्याच प्रमाणात उतरत असल्याने चव फिकी झाली तरी तोल बिघडत नाही. कारखान्याला असा रस 'फळांचा रस' म्हणून विकता येणार नाही. तुम्हाला कुठे लेबल लावायचंय?