शून्य आणि रिकामा रकाना

सप्रेम आशीर्वाद.

फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाला होणारा आणखी एक विषाणूसंसर्ग) यांच्या जागतिक नोंदींचं काम तुला मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. आता रोज तुझ्यासमोर रंगीत आलेख येतील. त्यात रमण्याआधी ज्या तक्त्यातून ते काढले आहेत तो उघडायची सवय लाव, आणि पॉझिटिव्हच्या आधी 'तपासलेले नमुने' हा रकाना वाच.

आलेखातला प्रत्येक ठिपका म्हणजे कुणाच्या तरी नाकाघशातून घेतलेला स्वॅब असतो. तो कुणाचा घ्यायचा, हे व्याख्येवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत फ्लूसदृश आजार म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. फ्लूसाठी हे ठीक. पण आरएसव्ही झालेल्या तान्ह्या बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला अनेकदा ताप येतच नाही. मग ती माणसं गाळली जातात आणि त्या देशात आरएसव्ही कमी आहे असं वाटू लागतं. म्हणून आरएसव्हीच्या देखरेखीत तापाची अट काढली आहे. दोन देशांची तुलना करताना दोघांची व्याख्या एकच आहे ना, हे आधी बघ.

आता बी/यामागाताबद्दल सांगतो. या कामात त्याच्याइतकं मला काहीच शिकण्यासारखं वाटत नाही. फ्लू-बी विषाणूचे दोन वंश, व्हिक्टोरिया आणि यामागाता. मार्च २०२० नंतर यामागाता कुठेही खात्रीशीरपणे सापडलेला नाही. पण तेव्हा सगळ्या प्रयोगशाळा कोविडमध्ये गुंतलेल्या; सापडत नाही म्हणजे खरंच नाही, की कुणी शोधतच नाही? कितीतरी ठिकाणी नुसतं 'बी, वंश निश्चित नाही' असं लिहिलेलं. अशी नोंद या प्रश्नाला निरुपयोगी. अधूनमधून एखादा यामागाता कळवला जाई. तो पुन्हा तपासावा लागे, कारण नाकात फवारायच्या लशीत हाच विषाणू दुर्बल करून जिवंत घातलेला असे आणि लस घेतलेल्याच्या स्वॅबमध्ये तोच उतरू शकतो. हे सगळं चाळून, वर्षानुवर्षं वंश तपासत राहून ते शून्य पक्कं झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की लशीत यामागाताची गरज उरलेली नाही. चार घटकांची लस तीनवर आली.

तुझ्या तक्त्यात शून्य आणि रिकामा रकाना शेजारीशेजारी असतील. 'तपासलं, सापडलं नाही' आणि 'कळवलंच नाही' यांची गल्लत कधीही होऊ देऊ नकोस. कुणी सोयीसाठी रिकाम्या जागी शून्य भरत असेल तर तू कनिष्ठ असलास तरी त्याला थांबव.

ऋतूंबद्दलही थोडं. उत्तर गोलार्धाच्या लशीसाठी विषाणू फेब्रुवारीत निवडतात आणि दक्षिण गोलार्धाच्या लशीसाठी सप्टेंबरमध्ये, कारण लस बनवायला सहाएक महिने लागतात. ही मांडणी ठळक हिवाळा असलेल्या देशांना चपखल बसते. आपला देश नकाशावर उत्तर गोलार्धात, पण इथे बऱ्याच भागांत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमाराला; श्रीनगरला मात्र ती हिवाळ्यात. विषुववृत्ताजवळच्या काही देशांत तर फ्लू वर्षभर रेंगाळतो. 'फ्लू म्हणजे थंडीचा आजार' हे मनात धरून बसलास तर जुलैतली वाढ तुला साथीचा अपवाद वाटेल.

फ्लूवर नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळांचं हे जागतिक जाळं १९५२ पासून उभं आहे, आणि त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही). ती आपल्या देशाचं राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र आहे. जमेल तेव्हा तिथे नमुने हाताळणाऱ्यांशी बोल. बर्फ वितळला, व्हीटीएमची (स्वॅब ज्या द्रवात ठेवून पाठवतात त्याची) नळी गळली, की निदान कसं हुकतं ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सुरुवातीला एकच देश घे आणि त्याची पाच वर्षं आठवड्यागणिक वाच. नमुने एकदम घटलेले दिसले तर आधी तिथले सण आणि सुट्ट्या तपास, मग चाचणीची पद्धत बदलली का ते. तरी उलगडलं नाही तर थेट त्या प्रयोगशाळेला लिहून विचार. अशा पत्रांना लोक बहुधा मनापासून उत्तर देतात.

तुझा काका