दर महिन्याला भरते, तरी बाकी तेवढीच

“मॅडम, एकही महिना चुकवला नाही. तरी कार्डाची बाकी आहे तिथंच आहे. असं कसं?”

क्रेडिट कार्डाबद्दल हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणारी माणसं बहुतेक वेळा आपण उधळे आहोत हे स्वतःच ठरवून आलेली असतात. म्हणून नाशिकच्या एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

त्या एका दवाखान्याच्या ऑफिसात काम करतात, यजमान अंबडच्या कारखान्यात. दोघांचे मिळून ७८,००० हातात येतात. घराचा हप्ता आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे यजमानांकडे. किराणा, वीज, गॅस, मुलांची शाळा बाईंकडे. कार्डावरची बाकी १,४०,०००, आणि यजमानांना त्याचा पत्ताच नव्हता.

आधी स्टेटमेंट उलगडलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,९००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८८२. बाई दरमहा ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम भरायच्या. ती एकूण बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ७,०००. त्यातले मुद्दलातून वजा झाले फक्त १,२१८. त्याच महिन्यात किराणा पुन्हा कार्डावर. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज चढतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मिनिमम भरल्यानं लेट फी टळते आणि खातं थकीत दिसत नाही. कर्ज फिटायला ती रक्कम पुरत नाही.

“मी उधळी नाहीये हो. यावर स्वतःसाठी एक साडी घेतली नाही,” त्या म्हणाल्या. स्टेटमेंटही तेच सांगत होतं. मग एवढी बाकी आली कुठून?

त्यांची खर्चाची वही नीटनेटकी होती. दूध, भाजी, रिक्षा, सगळं रुपया-रुपयाने लिहिलेलं. वहीत नव्हते ते वर्षातून एकदा येणारे खर्च. ते त्यांनी ‘अचानक आलेले’ म्हणून वेगळे ठेवले होते. आम्ही एकेक लिहीत गेलो. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्यापुस्तकं, ४८,०००. आयुर्विमा, १८,०००. गणपतीला गावी जाणं, ८,०००. दिवाळी, २०,०००. लग्नसराईतले आहेर आणि जाणंयेणं, १४,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, ९,०००. बेरीज १,१७,०००, महिन्याला ९,७५०. गणपती दरवर्षी येतात, शाळा दर जूनला उघडते, तरी यातल्या एकाही खर्चाला महिन्याच्या हिशेबात जागा नव्हती. तो सगळा भार कार्डानं उचलला होता. माझ्याकडे येणाऱ्या पगारदार घरांत मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं, आणि दोष एकट्या घर चालवणाऱ्या बाईवर येतो याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या वेळी यजमानांना सोबत आणा म्हटलं. त्याला त्यांना बरेच दिवस लागले. यजमान आल्यावर आधी चिडले. “अगं, मला आधी का नाही सांगितलंस?” बाई खाली मान घालून म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुमच्या आईवडिलांच्या पैशांवर माझा डोळा आहे असं वाटलं असतं तुम्हाला.” त्यावर ते गप्प झाले. गावचे पैसे कमी करावेत असं मलाही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची औषधं त्यातून येतात. तो खर्च घराचाच, तो उघडपणे वहीत लिहायचा.

मार्ग यजमानांनीच सुचवला. त्यांच्या कामगार पतसंस्थेचं कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी मिळत होतं. १,४०,००० साठी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,६००, म्हणजे आजवरच्या मिनिममपेक्षाही कमी, आणि दोन वर्षांत कर्ज संपणार. मी एकच अट घातली: कार्डाची मर्यादा बँकेकडून ४०,००० पर्यंत खाली आणायची. कर्ज काढून कार्ड मोकळं करायचं आणि वर्षभरात तेच कार्ड पुन्हा भरायचं, ही चूक मी फार घरांत पाहिली आहे. त्यांचं आणखी एक कार्ड वापरात नव्हतं, ते बंद केलं. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती पूर्ण करायची असते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत हे आहे.

९,७५० एकदम निघाले नाहीत. सुरुवातीला ६,००० वेगळ्या खात्यात जाऊ लागले, पगाराच्या दिवशीच, खर्चाला हात लागायच्या आधी. आहेराची रक्कम ठरवताना अजून वाद होतात. पण यंदाची शाळेची फी मोठ्या प्रमाणात त्या खात्यातून गेली आणि उरलेली दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेल्या पैशांतून.

पतसंस्था नसेल त्यांनी बँकेलाच विचारावं की कार्डावरच्या बाकीचे महिन्याचे हप्ते पाडून मिळतील का. त्या हप्त्यांचा व्याजदर बहुधा कार्डाच्या नेहमीच्या व्याजदरापेक्षा कमी असतो. मात्र प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे आधी लेखी घ्या. रक्कम कमी करून ‘सेटलमेंट’ करू म्हणणाऱ्या फोनला लगेच हो म्हणू नका, ती नोंद सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात राहते आणि पुढच्या कर्जाला अडते. हप्ते थकले असतील तर वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. तसे आले तर वेळ, नंबर लिहून ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत.